तीन वाजलेला पाय

माझ्या धंद्यामुळं माणसाच्या तोंडावर माझा भरवसा उरलेला नाही. मी एक्स-रे काढतो. "काय न्हाई हो, जरासं मुरगळलंय," म्हणत माणूस पायी चालत येतो आणि फोटोत हाडाचे सरळ दोन तुकडे निघतात. दुसऱ्याला चौघं उचलून आणतात, तो सगळे पूर्वज आठवतो आणि त्याच्या हाडाला साधी चीरही नसते. वीस वर्षं हेच बघून राहिलो. असं असूनही माणिकराव सोनकांबळ्यांनी मला पाच-सहा वर्षं बनवलं, म्हणजे त्यांचं कौतुकच करायला पाहिजे.

मी मूळचा लातूरचा. लातूरहून नांदेडकडं जाताना लोह्याच्या अलीकडं आमचं हे गाव. इथं एका डॉक्टरांनी नवं मशीन आणलं आणि मला बोलावून घेतलं. मी एसटीतून उतरलो तर स्टँडच्या मधोमध खाकी कपड्यातला एक उंच, काळासावळा माणूस हातात हॉकीची स्टिक घेऊन मागं येणाऱ्या गाडीला इशारे करत होता. वाहतूक नियंत्रक, म्हणजे आपल्या भाषेत कंट्रोलर साहेब. हेच ते माणिकराव. मी विचारलं, "साहेब, दवाखाना कुठं हाय?" ते म्हणाले, "हितनं सरळ." तोंडानं सरळ म्हणाले खरं, पण त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा बरोबर उजवीकडं होता. मला वाटलं, हात गुंतलेत म्हणून पायानं दाखवायलेत. मी पायाचं ऐकलं आणि थेट बायकांच्या हिरकणी कक्षात शिरलो. तिथं जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिता येत नाही. बाहेर आलो तर साहेब पोट धरून हसत होते. म्हणाले, "जय भीम. नवीन दिसता. माझ्या पायावर जाऊ नका, तो माझंबी ऐकत न्हाई."

डावा पाय बारावर आणि उजवा तीनवर. म्हणून सगळा गाव त्यांना तीनवाजे साहेब म्हणायचा. तोंडावर म्हणायचा आणि ते ओ द्यायचे. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी जुने ड्रायव्हर एकच गोष्ट शिकवायचे की गाडी मागं घेताना आरशात साहेबाची काठी बघायची, पाय बघायचा नाही. एकानं ऐकलं नव्हतं. त्यानं रसवंतीचं छप्पर घेतलं. रसवंतीवाल्यानं भांडण काढलं तेव्हा साहेब म्हणाले, "चूक ड्रायव्हरची न्हाई, पायाची हाय. पायाला मेमो देतो." आणि खरंच एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या पायाला मेमो लिहून खोलीच्या भिंतीला डकवला. तो वर्षभर तिथं होता.

या माणसाच्या डोक्यातून हॉकी कधी गेलीच नाही. लातूरकडची गाडी म्हणजे राइट आऊट, नांदेडची लेफ्ट आऊट, आणि उमरी-हिमायतनगरची लांबची गाडी म्हणजे फुल बॅक, कारण ती नेहमी सगळ्यांच्या मागून यायची. शर्टाच्या खिशात एक हिरवं कार्ड असायचं. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा त्रिकोणी कापून वर हिरवा कागद चिकटवलेला. हॉकीत पंच ताकीद देताना हिरवं कार्ड दाखवतो म्हणे. साहेब ते पिचकारी मारणाऱ्याला दाखवायचे. रांग मोडून खिडकीतून टोपी टाकणाऱ्याला दाखवायचे. माणूस चक्रावून विचारायचा, "हे काय हो?" साहेब म्हणायचे, "ताकीद. पुढच्या येळेला पिवळं. पाच मिनिटं बाकड्यावर बसावं लागतंय." आणि आमच्या गावची माणसं अशी की पिवळं मिळालं तर निमूट बाकड्यावर जाऊन बसायची. एकदा एक सरपंच बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्याची गाडी निघून गेली, तरी पाच मिनिटं पूर्ण करूनच उठला.

खेळ कसा होता, असं कुणी विचारलं तर ते टाळायचे. पण एका सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा सामना झाला आणि मला कळलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पळता येत नाही, एका जागी उभा. चेंडू आला की समोरचा त्यांच्या पायाकडं बघून उजवीकडं झेपावायचा आणि साहेब डावीकडून पास काढून मोकळे. दरवेळी. समोरच्यांना अर्धा तास हे कळलं नाही. आणि उलट्या स्टिकचा फटका असा, की शेजारी बसलेला नांदेडचा एक म्हातारा प्रशिक्षक डोळे पुसत मला म्हणाला, "हा पोरगा देशाकडून खेळायचा होता हो. पत्र आलं होतं त्याला."

ते पत्र खरं होतं. भारताच्या संभाव्य खेळाडूंच्या शिबिराचं बोलावणं. मग पायाचं काय झालं? तर गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर, हुकूमसिंग. शिबिरात हरयाणाचा हुकूमसिंग नावाचा गोलकीपर होता. सव्वाशे किलोचा. सरावात तो साहेबांच्या पायावर पडला आणि पाय फिरला तो फिरलाच. मलाही पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं गेलं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हुकूमसिंग वाढत चाललाय. मी आलो तेव्हा तो सकाळी दोन लिटर दूध प्यायचा, तीन वर्षांनी म्हैस तोंडाला लावायचा. कँटीनवाला त्याच्या मिशा सांगायचा. एक कंडक्टर तर म्हणायचा, मी त्याला मनमाडच्या स्टेशनवर पाह्यलं, बिचारा आता लंगडतोय.

हुकूमसिंगाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे केरबामामा. साहेबांचे सख्खे मामा. बाप लवकर गेला, तेव्हा मामांनीच भाच्याला वाढवलं. जनावरांची हाडं बसवण्यात म्हाताऱ्याचा हात असा की निलंग्याकडून बैल टेंपोत घालून आणायचे. घ्यायचे काय, तर एक नारळ. जास्त घेतलं तर हाताचा गुण जातो म्हणायचे. माणसांना मात्र हात लावायचे नाहीत. कुणी फार गळ घातली तर म्हणायचे, "माणूस लई बोंबलतो. बैल गप राहतो. मला गप राहणारं गिऱ्हाईक पाहिजे."

दर बाजारच्या दिवशी मामा स्टँडवर यायचे, भाच्याच्या खोलीत बसायचे, चहा प्यायचे आणि हुकूमसिंगाचा उद्धार करायचे. कँटीनच्या टीव्हीवर हॉकी लागली की कुठल्याही देशाचा गोलकीपर दिसू द्या, "ह्याच जातीचं बेणं," असं म्हणून सुरुवात. आणि प्रश्न विचारायचे. "माणक्या, त्याला पोरंबाळं हायत का रे?" साहेब म्हणायचे, "दोन हायत, मामा." पुढच्या खेपेला, "पोरं काय करतेत?" साहेब घाम पुसत म्हणायचे, "एक फौजेत, एक गोलकीपर." मामा म्हणायचे, "आणखी एकाचा पाय मोडणार म्हणायचा."

एकदा आगाराला नवे व्यवस्थापक बदलून आले. मामा समोर बसलेले असताना ते साहेबांच्या पायाकडं बघून म्हणाले, "सोनकांबळे, हा पाय मोडला तेव्हा बसवला कुणी हो? वाकडाच बसवलाय." कंडक्टर छताकडं बघायला लागले. साहेब उठले, खिशातून हिरवं कार्ड काढलं आणि आपल्या साहेबासमोर धरलं. व्यवस्थापक उडालेच. तेवढ्यात कँटीनवाला त्यांना चहाच्या निमित्तानं ओढत बाहेर घेऊन गेला आणि बाहेर त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, ते आत येऊन मामांना म्हणाले, "फार वाईट माणूस हो तो हुकूमसिंग." मामा खूश झाले. मी तिथंच होतो. मला तेव्हा काही कळलं नाही, पण धंद्याच्या सवयीनं मनात म्हटलं, फोटो काढल्याशिवाय खरं नाही.

आणि फोटो निघाला. दोन वर्षांमागं साहेबांचा घोटा सुजला आणि डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडं पाठवलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा फोटो घेतला, उजेडावर धरला आणि बघत राहिलो. वरचा गुडघा समोरून दिसतोय आणि खालचा घोटा बाजूनं. मधे नडगीला जुना जोड, अंगठ्याएवढा जाड. जोड मजबूत होता. पण खालचा अर्धा पाय फिरवून जोडला होता. असं हाड कुणी अंगावर पडून होत नाही. ते बसवतानाच तसं बसवलेलं असतं.

मी म्हटलं, "साहेब, हुकूमसिंग कुठाय ह्याच्यात?"

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हुकूमसिंग न्हाईच. मीच काढलाय त्याला."

शिबिराला दोन महिने होते. गावच्या मैदानात खड्ड्यात पाय गेला आणि नडगी मोडली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्लास्टर आणि तीन महिने, शिबिर विसरा. तिथं मामा पोचले. मामा म्हणाले, चाळीस दिवस. साहेब म्हणाले, "मला घाई होती. डॉक्टरकडं तीन महिने, मामाकडं चाळीस दिवस. मीच म्हणलो, मामा, घरी न्या. मग चूक मामाची कशी?"

अंड्याचा पांढरा भाग, उडदाचं पीठ आणि वरून बांबूच्या कामट्या. चाळिसाव्या दिवशी सगळी भावकी जमली. मामांनी कामट्या सोडल्या. पाय तीनवर. मामा पायाकडं बघून राहिलेले, हातात सोडलेली चिंधी तशीच. साहेब मला म्हणाले, "त्यांचं तोंड मला बघवंना. मी म्हणलो, एक नंबर बसलाय मामा, सूज उतरली की सरळ हुईल. बास. एवढं एक वाक्य तोंडातून गेलं आन् त्याच्यामागं बत्तीस वर्षं पळून राहिलो."

सूज कसली उतरतेय. शिबिराचा दिवस आला. आता न जावं तर मामाला कळतंय. म्हणून पठ्ठ्या पिशवी भरून निघाला, नांदेडला एका मित्राच्या खोलीवर महिनाभर पडून राहिला आणि परत आला तो हुकूमसिंगाला घेऊनच. मामा, तुम्ही सरळ बसवला होता, पण तिथं एक गोलकीपर पडला. गावाला हळूहळू सगळं कळलं. गावानं ते पोटात घातलं आणि वर हुकूमसिंगाला मिशा दिल्या.

"तुमचं एवढं मोठं नुकसान झालं," मी म्हटलं, "एकदा तरी बोलायचं होतं."

ते म्हणाले, "फोटूवाले, माझी पहिली स्टिक कुणी केली माहितंय? मामानं. बाभळीचं वाकडं खोड तासून. चपटी बाजू चुकून उलटीकडं काढली. हॉकीत तसली स्टिक चालतच न्हाई, पर आम्हाला कुठं ठाव? दोन वर्षं मी तिच्यानंच खेळलो. नांदेडला गेलो, तिथं नीट स्टिक दिली, तर माझा उलटा फटका असा बसायला लागला की सगळे बघतच राह्यले. मामाच्या चुकीनंच तर मी खेळाडू झालो. एका चुकीचं नाव घ्यायचं आन् दुसरीचं न्हाई, असं कसं चालंल?"

मग उठून म्हणाले, "हा फोटो घरी नेत न्हाई. तुमच्याकडं ठेवा. मामाला कळलं तर म्हातारा त्या दिवशी जेवायचा न्हाई." मी फोटो खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

सहाएक महिने गेले. गोठ्यात पाय घसरून मामांचं मनगट दुखावलं. साहेब त्यांना घेऊन आले. मी मामांचा हात मशीनखाली ठेवला तेवढ्यात स्टँडवरून फोन आला की दोन कंडक्टरांची जुंपलीय. साहेब पिवळं कार्ड खिशात आहे का ते चाचपत पळाले. मामा आणि मी दोघंच उरलो.

मामांच्या मनगटाला काही नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाव हाय. बोटानं बघितलं म्या. दुसऱ्या कामाला आलोय." आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "घोटा सुजला तवाचा माणक्याचा फोटू घरी आला न्हाई. तुझ्यापशीच असल. दाव."

मी म्हटलं, "कसला फोटो, मामा?" वीस वर्षं लोकांच्या थापा पकडणारा मी, माझी थाप एका क्षणात पकडली गेली. म्हाताऱ्यानं नुसता हात पुढं केला. मी खण उघडला.

मामांनी फोटो उजेडावर धरला. डोळ्यांनी बघितलंच नाही. उजव्या हाताचं बोट हाडावरून खाली आणत गेले आणि त्या जोडावर थांबले. म्हणाले, "जोड बाकी घट हाय."

मग फोटो टेबलावर ठेवून पुढं बोलले. "बैलाचा पाय बांधून त्याला उभा करतेत. पाय आपसुक सरळ लोंबतो. माणूस बाजंवर उताणा पडतो आन् त्याचा पंजा बाहीर कलंडतो. ते ध्यानात आलं न्हाई माझ्या. जनावरागत बांधला लेकराला. चाळिसाव्या दिशी सोडला तवाच कळलं. पर त्यो म्हणला, एक नंबर. मग मी काय बोलू? पोरगं माझी अब्रू झाकून राह्यलं, तर ती उघडी करू?"

"म्हणजे हुकूमसिंग..."

"असला माणूस हाय का जगात? म्हैस तोंडाला लावतो म्हणं." मामा हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "शिबिराच्या गाडीत मीच बसवून दिलं त्याला. वाकड्या पायानं कोण उभं करणार व्हतं तिथं? मला ठाव व्हतं, नांदेडातच उतरल म्हून. त्या दिसापासून माणसाच्या हाडाला हात लावला न्हाई म्या. आन् हुकूमसिंगाला शिव्या घातल्या, त्या कुणाला घातल्या आता तूच समज."

जाताना मला दम भरला. "त्याला सांगायचं न्हाई. बत्तीस वर्षं जपलंय त्यानं. मला ठाव हाय म्हणल्यावर त्याचा हिरमोड हुईल."

झालं. एकाची शपथ एका खिशात, दुसऱ्याची दुसऱ्यात. बाजारच्या दिवशी दोघं समोरासमोर बसून हुकूमसिंगाला शिव्या घालायचे आणि मी मधे बसून चहा प्यायचो. तो चहा मला कधी गोड लागला नाही.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी स्टँडवरच मांडव घातला होता. फेटे, शाल, नारळ. व्यवस्थापक बोलले, ड्रायव्हर बोलले. तो सरपंचही आला होता. मग कुणीतरी म्हणालं, मामांनी दोन शब्द बोलावेत. पंच्याऐंशी वर्षांचे मामा उठले, माईकला दोन्ही हातांनी धरलं.

"मला भाषण येत न्हाई," ते म्हणाले. "एकच सांगतो. त्या हुकूमसिंगानं माझ्या माणक्याचं लई वाटुळं केलं. पोरगं देशाकडून खेळलं असतं. इतकी वर्षं झाली, पर हुकूमसिंगानं त्याची एकदाबी माफी मागितली न्हाई. लाजला असल. त्याला हितं येता येत न्हाई, म्हून त्याच्या वतीनं मी मागतो." आणि म्हाताऱ्यानं भाच्यासमोर हात जोडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा गमतीचे आहेत, असं वाटलं त्यांना. साहेब मात्र उठले ते तसेच उभे राहिले. मामांच्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यातच त्यांना काय कळायचं ते कळलं.

साहेब त्या वाकड्या पायानं मामांपर्यंत गेले. त्यांचे हात खाली केले आणि म्हणाले, "मामा, हुकूमसिंगाला सांगा, त्याच्यावर माझा राग न्हाई. कवाच नव्हता. माझी पहिली स्टिक त्यानंच तर करून दिली व्हती." आवाज माईकवर गेला आणि तिथंच फाटला.

शेजारी बसलेले व्यवस्थापक माझ्या कानाशी लागले. "अहो, तो तर गोलकीपर ना? त्यानं कशी काय स्टिक करून दिली?"

मी म्हटलं, "हरयाणात पद्धत हाय साहेब तशी." आणि रुमाल काढला.

मग साहेबांनी नाक पुसलं, खिशात हात घातला आणि ते हिरवं कार्ड मामांसमोर धरलं. "ताकीद," म्हणाले. "एवढीच." सगळे हसले. मामांनी कार्ड हातातून काढून घेतलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

संध्याकाळची गाडी साहेबांनी स्वतःच पुकारली, स्वतःच स्टिक हलवून मागं घेतली आणि मामांना धरून चढले. मामा खिडकीशी बसले. गाडी हलली तसा मी हात वर केला. म्हाताऱ्यानं सदऱ्यात हात घातला, हिरवं कार्ड काढलं आणि खिडकीतून मला दाखवलं. फोटो दाखवल्याबद्दल, का मांडवात मान खाली घातल्याबद्दल, मला अजून कळलेलं नाही. ताकीद हिरवीच होती, तरी मी गुपचूप बाकड्यावर जाऊन बसलो.